तबकडी ठेवावी की फाइल? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

सीडी आणि जुन्या रेकॉर्ड यांच्याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: गाणं डाउनलोड करून मिळतं, तरी हातात धरता येणारी तबकडीच बरी वाटते, पण ती टिकवायची कशी?

प्रश्न : घरात दोनशेच्या आसपास सीडी आहेत, निम्म्या शास्त्रीय संगीताच्या. मुलगा म्हणतो, सगळं फोनवर मिळतं, रद्दीत द्या. देऊन टाकाव्या का?
– वाचक, सातारा

देऊ नका. पण ‘सीडीचा आवाज फार वरचा’ एवढंच सांगाल तर मुलाला पटणार नाही, आणि ते पूर्ण खरंही नाही. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांचे, दोन चॅनेलमध्ये साठवलेले असतात. म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. उत्तम प्रतीच्या एमपीथ्रीत हाच आकडा ३२० असतो. तरीही साध्या इयरफोनवर या दोन्हींतला फरक बहुतेकांना सांगता येत नाही. १२८ किलोबिटची फाइल मात्र लगेच उघडी पडते. तानपुऱ्याची जवारी विस्कटते, झांजेचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा येतो.

सीडी ठेवायची खरी कारणं वेगळी आहेत. आतली पुस्तिका उघडून पाहा. तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, तानपुऱ्याची साथ कोणाची, मैफल कुठली, कोणत्या साली झाली, हे तिथे छापलेलं असतं. ॲपमध्ये ‘कलाकार’ म्हणून एकच नाव दिसतं आणि साथीदार बहुतेक वेळा गळतात. रागाचं नाव चुकीचं असणं हेही नेहमीचंच. दुसरं म्हणजे, सीडीवर विलंबित ख्याल आणि द्रुत बंदिश यांना वेगळे क्रमांक दिले तरी आवाज मध्ये तुटत नाही. एमपीथ्रीत प्रत्येक फाइलच्या आगेमागे थोडी शांतता भरली जाते, आणि प्लेअरने ती काढून टाकली नाही तर समेवरच धक्का बसतो. तिसरं कारण सगळ्यात मोठं आहे. ॲपवरचं गाणं म्हणजे ऐकण्याची परवानगी. कंपनीचा करार संपला की तो अल्बम यादीतून जातो आणि तुम्हाला कोणी विचारत नाही. त्याच अल्बमची नवी, आवाज चढवलेली आवृत्ती जुनीच्या जागी आली तरी कळत नाही. तुमच्या कपाटातली सीडी विकत घेतली त्या दिवशी जशी होती, तशीच राहते.

काढायच्याच असतील तर ‘एकाच सीडीत १०० गाणी’ अशा एमपीथ्री सीडी आधी काढा. त्या दिसायला सीडी असल्या तरी आत दाबून लहान केलेल्या फाइलच असतात. खऱ्या ऑडिओ सीडीत साधारण ८० मिनिटं मावतात. त्याहून बरंच जास्त संगीत एका सीडीत असेल तर ती ऑडिओ सीडी नव्हे.

प्रश्न : पावसाळ्यानंतर सीडींवर पांढरे ठिपके आणि जाळी दिसते. पुस्तिकांनाही कुबट वास येतो. काय करावं?
– वाचक, रत्नागिरी

ती बुरशी आहे. बहुतेक वेळा ती पृष्ठभागावरच असते आणि धुऊन निघते. आधी सीडीची कुठली बाजू जास्त जपायची ते पाहा, कारण नेमका इथेच सगळ्यांचा गैरसमज असतो. सीडी १.२ मिलिमीटर जाड असते. खालची चकचकीत बाजू म्हणजे जवळजवळ सगळी जाडी, आणि ती पारदर्शक पॉलिकार्बोनेटची असते. आवाजाचे खड्डे वर, छापील बाजूच्या लगेच खाली असतात. त्यांच्यावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर, त्यावर लॅकरचा थर आणि मग छपाई. म्हणजे खालून ओरखडा गेला तर प्लॅस्टिकला जातो, वरून गेला तर थेट संगीताला. छापील बाजू नखानेसुद्धा खरवडू नका.

धुताना सीडी नळाच्या कोमट धारेखाली धरा. भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब बोटावर घ्या आणि मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत फिरवा. गोल गोल नाही. साबण पूर्ण गेला की शेवटची धार डिस्टिल्ड वॉटरची द्या. पेट्रोल पंपावर बॅटरीत भरायला मिळतं ते पाणी चालतं, फक्त बाटली ॲसिडची नाही ना, ते वाचून घ्या. चष्मा पुसायच्या मऊ कापडाने टिपा आणि उभी ठेवून वाळवा. रात्रभर पाण्यात भिजत टाकू नका. कडेला लॅकर सुटलेला असेल तर पाणी आत जाऊन ॲल्युमिनियम काळं पडतं. डबीत सीडीवर फोमचा गोल तुकडा असेल तर तो काढून टाका. कालांतराने तो विरघळून छापील बाजूला चिकटतो आणि ओढताना थर घेऊन येतो.

पुस्तिका उन्हात तास-दीड तास उघड्या ठेवा, अंगणात नेऊन कोरड्या ब्रशने झटका, आणि तेव्हा नाकावर रुमाल बांधा. पूर्ण वाळल्याशिवाय परत डबीत घालू नका. कपाट बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीला टेकलेलं नको. खणात कापडी पिशवीत १०० ग्रॅम सिलिका जेल ठेवा. नारंगी रंगाचे दाणे घेतले तर रंग बदलला की ते ओलावा पिऊन भरले, हे दिसतं. डांबरगोळ्या मात्र नकोत. त्यांच्या वाफेने प्लॅस्टिकच्या डब्या खराब होतात.

प्रश्न : एक सीडी ठरावीक जागी अडकते. टूथपेस्ट लावून घासली तर बरी होते असं ऐकलं. खरं आहे का?
– वाचक, नाशिक

कधी कधी खरं असतं. पण आधी दोष सीडीचाच आहे का, ते ठरवा. सगळ्याच सीडी अडकत असतील तर प्लेअरची भिंग मळलेली आहे. प्लग काढा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावा आणि भिंगेवरून अजिबात दाब न देता एकदा फिरवा. भिंग बारीक तारांवर तरंगते, दाबली तर वाकते. लेसर डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून मशीन चालू ठेवून आत वाकून पाहू नका. पहिली गाणी ठीक आणि शेवटची अडखळतात असं सगळ्या सीडींवर होत असेल, तर भिंग ज्या पट्टीवरून सरकते तिथलं ग्रीस वाळलेलं असतं. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे शेवटची गाणी कडेला असतात. ट्रे उघडत नसेल तर बहुधा आतला रबरी पट्टा सैल झालेला असतो.

दोष त्या एकाच सीडीचा असेल तर ती दिव्यासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके आरपार दिसले तर वरचा थर गेला, तिथे कुठलीही पेस्ट कामाची नाही. ठिपके नसतील आणि ओरखडा खालच्या बाजूला असेल तर आशा आहे. लेसरचा झोत खालच्या पृष्ठभागावर सुमारे पाऊण मिलिमीटर रुंद असतो आणि आत खड्ड्यांवर जाऊन टोकदार होतो, म्हणून बारीक धूळ किंवा चरा त्याला फारसा अडवत नाही. शिवाय सीडीवर दुरुस्तीची माहिती पेरलेली असते. खड्ड्यांच्या गोल रेघेच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा तुकडा गेला तरी प्लेअर तो गणिताने भरून काढतो. भोकाकडून कडेकडे जाणारा ओरखडा प्रत्येक फेऱ्यात क्षणभरच आडवा येतो. गोलाईने गेलेला ओरखडा एकाच रेघेवरून लांबवर धावतो आणि दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर जातो. पुसताना हात सरळ फिरवायचा तो याचसाठी.

पेस्ट वापरायचीच तर साधी पांढरी घ्या, जेल नको. हरभऱ्याएवढी घेऊन ओल्या मऊ कापडाने ओरखड्याच्या जागी आतून बाहेर दोन-तीन मिनिटं हलकेच घासा आणि धुऊन टाका. ती ओरखडा भरत नाही, त्याच्या धारदार कडा झिजवते. हा शेवटचा उपाय समजा. त्याआधी सीडी संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा. प्लेअरला न जमलेली सीडी तिथे पुष्कळदा वाचली जाते. आणि वाचली गेली की त्याच दिवशी तिची प्रत करा.

प्रश्न : सीडी ठेवायच्या आहेत, पण ऐकायला फाइल सोयीची. संगणकावर हुबेहूब प्रत कशी करायची?
– वाचक, पुणे

हाच मार्ग सगळ्यात चांगला. सीडी ही मूळ प्रत, फाइल ही वापरायची प्रत. बाजारात यूएसबीचा बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो, तो पुरे. विंडोजवर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हा मोफत प्रोग्राम घ्या, मॅकवर ‘एक्सएलडी’. साधे प्लेअर-प्रोग्राम सीडी एकदाच भरभर वाचतात आणि चुकलेली जागा अंदाजाने भरून पुढे जातात, तुम्हाला सांगतही नाहीत. हे दोन्ही प्रोग्राम शंका आली की तीच जागा पुन्हा पुन्हा वाचतात.

सुरुवातीला ड्राइव्हची सेटिंग करून घ्या. वाचण्याची पद्धत ‘सिक्युअर’ निवडा. मग एखाद्या गाजलेल्या परदेशी अल्बमची सीडी घाला. प्रोग्राम ‘ॲक्युरेटरिप’ या सामायिक नोंदवहीशी ताडून तुमचा ड्राइव्ह किती नमुने पुढे-मागे वाचतो, ते स्वतःच ठरवतो. हे एकदाच करायचं. त्यानंतर प्रत्येक सीडीला ‘टेस्ट अँड कॉपी’ द्या. सीडी दोनदा वाचली जाते आणि दोन्ही वेळचे तपासणी-आकडे शेजारी दिसतात. आपल्याकडच्या शास्त्रीय आणि नाट्यसंगीताच्या पुष्कळ सीडी ॲक्युरेटरिपच्या नोंदवहीत नसतात. तिथे ‘सापडली नाही’ असं आलं तर घाबरू नका. दोन्ही वेळचा आकडा सारखा आला की प्रत भरवशाची धरा.

फाइलचा प्रकार फ्लॅक ठेवा. त्यात जागा वाचते, पण एकही बिट गळत नाही, हवं तेव्हा मूळ सीडी परत जशीच्या तशी बनवता येते. सीडीचं एक मिनिट म्हणजे साधारण १०.५ मेगाबाइट. फ्लॅकमध्ये ते बहुधा निम्म्याच्या आसपास येतं. तासाची सीडी ३०० ते ४०० मेगाबाइट धरा. दोनशे सीडींना ८० गिगाबाइट म्हणजे भरपूर झाले. लॉग (प्रत कशी झाली याची नोंद) आणि क्यू (कुठलं गाणं कुठे सुरू होतं याची नोंद) या फाइलही त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

नावं घालताना घाई करू नका, सगळ्यात मोलाचं काम हेच आहे. फ्लॅकच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलच्या आत साठवलेल्या माहितीत, देवनागरी नीट बसते. शीर्षकात राग, ताल आणि लय लिहा: ‘राग यमन – विलंबित एकताल’. साथीदार, ठिकाण आणि साल ‘कॉमेंट’च्या रकान्यात घाला. फोल्डरचं नाव मात्र लहान ठेवा, कारण कारमधले काही प्लेअर देवनागरी दाखवू शकत नाहीत आणि चौकोन दिसतात. पुस्तिका ३०० डीपीआयला स्कॅन करून तिथेच टाका. हे सगळं दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि त्यातली एक दुसऱ्या घरात असू द्या.

कामाचा क्रम मात्र उलटा लावा. कंपनीच्या छापील सीडी शेवटी. आधी घरी रेकॉर्ड केलेल्या, म्हणजे कॅसेटवरून उतरवलेल्या खाजगी मैफली, आजीच्या ओव्या, मुंजीतलं गाणं. या सीडींवर खड्डे नसतात, रंगाचा थर असतो आणि तो उजेडाने आणि उष्णतेने फिका पडतो. कागदी स्टिकर लावलेल्या सीडी तर सगळ्यात आधी घ्या. स्टिकर आकसतो, सीडीचा तोल जातो, आणि सोलायला गेलात तर थर निघून येतो. घरी भरलेल्या सीडीवर साल-नाव लिहायचं असेल तर पाण्याच्या शाईचं मार्कर वापरा, तेही मधल्या पारदर्शक कड्यावर. छापील सीडी बाजारात पुन्हा मिळेल, आजीची ओवी मिळणार नाही.

प्रश्न : आजोबांच्या वेळच्या जड, काळ्या रेकॉर्ड सापडल्या. नवा टर्नटेबल घेतला आहे, त्यावर वाजवू का?
– वाचक, कोल्हापूर

थांबा. लेबलवर ७८ (मिनिटाला ७८ फेरे) असेल, रेकॉर्ड ताठ असेल, अजिबात लवत नसेल, आणि एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचंच गाणं असेल, तर ती लाखेची आहे. तिला नव्या टर्नटेबलवर दोन अडचणी आहेत. पहिली वेगाची: पुष्कळ नव्या टर्नटेबलवर ३३ आणि ४५ एवढेच वेग असतात. दुसरी सुईची, आणि ती जास्त गंभीर. एलपीच्या, म्हणजे ३३ च्या वेगाच्या विनाइल रेकॉर्डच्या, सुईच्या टोकाची त्रिज्या १८ मायक्रॉनच्या आसपास असते, ७८ ला सुमारे ७५ मायक्रॉनची लागते. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी पडते, भिंतींना टेकतच नाही, आणि तळाच्या धुळीत घासत जाते. आवाज खरखरीत येतो आणि सुई झिजते. काही कार्ट्रिजना (सुई ज्यात बसते तो भाग) ७८ साठी वेगळी सुई मिळते, ती काढघाल करता येते. उदाहरणार्थ, ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत अशी सुई आहे. तिचा भार ५ ग्रॅम ठेवायचा, एलपीच्या सुईला २ ग्रॅम पुरतात.

घरात जुना चार वेगांचा प्लेअर असेल तर त्याच्या हाताच्या टोकाशी छोटी खिट्टी पाहा. ती फिरवली की ७८ ची सुई खाली येते. बरेच जण वेग बदलतात आणि खिट्टी विसरतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या रेकॉर्डला स्पिरिट, आयसोप्रोपिल किंवा काच पुसायचं द्रावण लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एलपी ज्याने स्वच्छ होते, त्यानेच ७८ कायमची जाते. डिस्टिल्ड पाण्यात साबणाचे दोन-तीन थेंब टाका, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने फिरवा, लेबल कोरडं ठेवा, धुवा आणि लगेच टिपा. लाखेत दगडाची पूड मिसळलेली असते, त्यामुळे ती भिजत ठेवली तर पाणी पिते. ही पूड मुद्दामच घातलेली असे. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांतच त्या पुडीवर झिजून खाचेच्या मापाची व्हायची. म्हणूनच एका बाजूला एक सुई, हा नियम होता. वापरलेली सुई पुन्हा लावली तर तिच्या झिजलेल्या कडा पुढच्या रेकॉर्डची खाच कापतात. आणि चावीच्या ग्रामोफोनवर एलपी कधीही लावू नका. त्याचं जड डोकं एकाच फेरीत विनाइल नांगरून काढतं.

फाइल करताना वेग नीट जुळवा. वेग सहा टक्क्यांनी चुकला की सूर हार्मोनियमच्या एका पट्टीने हलतो, काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं. टर्नटेबलला ७८ नसेल तर योग्य सुई लावून ४५ वर वाजवा, ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये घ्या आणि वेग १.७३३ पट करा. ठेवताना रेकॉर्ड उभ्या ठेवा. एकावर एक रचल्या तर खालच्या तडकतात.

प्रश्न : जुन्या बाजारात सीडी-रेकॉर्ड घेताना काय पाहावं?
– वाचक, डोंबिवली

मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हापासून चोर बाजारातली मटण स्ट्रीट आणि पुण्याचा जुना बाजार यांवरच अनेकांची भिस्त आहे. सीडी उलटी करा. छापील कारखान्याची सीडी खालून चंदेरी दिसते आणि भोकाभोवतीच्या आरशासारख्या कड्यावर बारीक क्रमांक कोरलेला असतो. खालची बाजू हिरवट किंवा निळसर असेल तर ती घरी भरलेली सीडी, डबी कितीही अस्सल असो. एलपी तिरक्या उजेडात धरा. नखाला लागतो तो ओरखडा सुईलाही लागतो, नुसता दिसतो तो बहुधा ऐकू येत नाही. लेबलवर मधल्या भोकाभोवती रेघांचं जाळं असेल तर ती रेकॉर्ड पुष्कळ वाजलेली आहे. वाकलेली एलपी सोडून द्या. मळलेली घ्या, मळ निघतो.

प्रश्न : सीडी आणि वडिलांचा टर्नटेबल अमेरिकेत न्यायचा आहे. चालेल का?
– वाचक, न्यू जर्सी

सीडी कुठेही चालते. विमानतळाच्या एक्स-रेने तिला काही होत नाही. गाण्याची डीव्हीडी असेल तर मात्र अडू शकेल, कारण डीव्हीडीला ठरावीक विभागाच्या प्लेअरचं बंधन असतं: भारताचा विभाग ५, अमेरिकेचा १. टर्नटेबलचं पाहून घ्या. २३० व्होल्टचा प्रश्न ट्रान्सफॉर्मरने सुटतो, पण जुन्या मशीनची मोटर विजेच्या आवर्तनांवर फिरते. आपल्याकडे ती सेकंदाला ५० आहेत, तिकडे ६०. रेकॉर्ड २० टक्के जलद फिरेल, म्हणजे सूर तीन पट्ट्या वर. त्यासाठी मोटरची पुली ६० आवर्तनांची लागते. डीसी मोटर असेल तर हा त्रास नाही.

प्रश्न : केलेल्या प्रती मित्रांना पाठवल्या तर चालतं का?
– वाचक, नागपूर

स्वतः विकत घेतलेल्या सीडीची खाजगी वापरासाठी प्रत करणं वेगळं आणि ती ग्रुपवर टाकणं वेगळं. दुसरं करू नका. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. चाल आणि शब्द यांचा हक्क मात्र त्या-त्या रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे तो वेगळा मोजावा लागतो.

प्रश्न : जुन्या प्लेअरवर ३३, ४५, ७८ यांच्या आधी १६ असा आकडा आहे. तो कशासाठी?
– वाचक, पणजी

तो १६⅔, म्हणजे ३३⅓ च्या निम्मा. मुख्यतः भाषणं आणि वाचलेली पुस्तकं यांच्यासाठी. इतक्या हळू फिरवलं की बारीक सूर मंदावतात, पण तबकडीवर वेळ जास्त मावतो. संगीतासाठी हा वेग रुळला नाही. एक तबकडी मात्र याच वेगाची आहे आणि ती तुमच्या गोव्याशी जोडलेली आहे. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर अवकाशयानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची, १२ इंचांची रेकॉर्ड आहे. तिच्यावर जगभरचं सुमारे ९० मिनिटांचं संगीत आहे, आणि त्यात केरी गावच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. दुसरं यान निघाल्यावर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या. त्या रेकॉर्डसोबत कार्ट्रिज आणि सुईही ठेवलेली आहे, आणि ती कशी, किती वेगाने वाजवायची, याच्या आकृत्या वरच्या झाकणावर कोरलेल्या आहेत.